कॅथेड्रलसाठी ऑर्गन शिकायचा आहे : सुरुवात कुठून करावी? (नाशिक)

गंगापूररोडची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. पियानोची ट्रिनिटीची (लंडनची संगीत परीक्षा संस्था) पाचवी ग्रेड झाली आहे आणि रविवारच्या मराठी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) ती कीबोर्डवर साथ करते. कॅथेड्रलच्या क्वायरमास्तरांनी सुचवलंय की तिने आता पेडलसकट ऑर्गन नीट शिकावा, म्हणजे पुढे सहायक ऑर्गनिस्ट म्हणून तयार होईल. सरावाला दोन मॅन्युअल (हातांचे कीबोर्ड) आणि ३२ पेडलांचा (पायांच्या कळांचा) डिजिटल ऑर्गन आठवड्यातून दोनदा मिळणार आहे. जाणकारांकडून हवं ते असं: पियानोवरून ऑर्गनवर येताना नेमकं काय बदलतं? घरी फक्त ६१ कळांचा कीबोर्ड आहे, मग पायांचा सराव कसा करायचा? आमची बरीचशी भजनं पेटी-तबल्यावर बसलेली आहेत, ती ऑर्गनवर कशी घ्यायची? आणि इंग्लंडच्या कॅथेड्रलांत ऑर्गन स्कॉलर म्हणून तरुण मुलं घेतात असं कळलं, तर त्या वाटेला लागायचं झालं तर आत्तापासून काय करावं?

सोळाफुटी

ताई, नमस्कार. मी पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीच्यांवर इथली जाणती मंडळी बोलतीलच.

पियानोचा स्वर दाबल्यावर आपोआप विरत जातो. ऑर्गनचा स्वर कळ दाबलेली असेतोवर तितकाच वाजत राहतो आणि कळ सोडली की त्याच क्षणी तुटतो. म्हणून स्वर कधी लावायचा याच्याइतकाच तो कधी सोडायचा याचा अभ्यास करावा लागतो. बोटाच्या जोराने आवाज कमीजास्त होत नाही, सस्टेन पेडलही नाही. एखादा स्वर ठसवायचा तर त्याच्या आधी बारीकशी फट ठेवायची, एवढंच साधन हातात असतं. पियानोवरून आलेल्या मुलांचा ऑर्गन सुरुवातीला एकतर चिकट वाजतो नाहीतर तुटक. चिकट अशासाठी की जुनी कळ सोडायच्या आत नवी दाबली जाते, आणि तुटक अशासाठी की सस्टेनच्या भरवशावर बोटं उचलायची सवय लागलेली असते. यावर उपाय म्हणजे बोटबदल: कळ दाबलेलीच ठेवून तिसऱ्या बोटाच्या जागी पाचवं आणायचं आणि पुढच्या स्वरासाठी हात मोकळा करायचा. हा सराव घरच्या कीबोर्डवरही होतो. ऑर्गनचा आवाज निवडा आणि टच सेन्सिटिव्हिटी बंद करा.

गीतात एकच स्वर लागोपाठ आला की मधे फट लागतेच, नाहीतर दोन स्वरांचा मिळून एक लांब स्वर होतो आणि लोकांना ताल कळत नाही. फट मोजून द्यायची. क्रॉचेटचे (एका ठोक्याच्या स्वराचे) चार हिस्से धरा, तीन वाजवा, चौथ्याला शांतता. घुमणाऱ्या इमारतीत निम्मा स्वर सोडला तरी चालतो. हे सोप्रानो आणि बास, म्हणजे सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आवाजापुरतं. मधल्या आल्टो-टेनरमधले सारखे स्वर धरून ठेवले तर उलट आवाज भरीव राहतो.

आता पाय. आधी बाकाची उंची लावून घ्या. बसल्यावर दोन्ही पाय पेडलांवर अलगद टेकले पाहिजेत, पण एकही पेडल दबता कामा नये. दबत असेल तर बाक खाली आहे; पाय पोचवायला पुढे सरकावं लागत असेल तर बाक वर आहे. बाकाखाली लाकडी ठोकळे घालून उंची बदलतात. किती उंचीचे ठोकळे लागतात ते मुलीने लिहून ठेवावं, कारण आधीचा वादक स्वतःच्या मापाने बाक लावून गेलेला असतो.

पेडल दाबायचं ते चवड्याच्या आतल्या कडेने, अंगठ्याच्या बाजूने, आणि हालचाल घोट्यातून. मांडी उचलून पाय टाकला की लाकडाचा ठोका ऐकू येतो आणि स्वरही उशिरा लागतो. गुडघे शक्यतो जुळलेले ठेवले की दोन पायांतलं अंतर अंगवळणी पडतं. खाली बघायचं नाही. जागा शोधायची ती काळ्या पेडलांमधल्या मोठ्या फटींवरून: चवडा पुढे सरकवून फटीत घातला आणि डावीकडच्या काळीला टेकला तर पायाखाली ई आहे, उजवीकडच्या काळीला टेकला तर एफ. दुसऱ्या प्रकारच्या फटीत तसंच बी आणि सी. पहिले काही आठवडे फक्त ही चार ठिकाणं डोळे मिटून सापडायला हवीत. मग मेट्रोनोम ६० वर ठेवून डावा-उजवा आलटून पालटून, चवड्यानेच. टाच नंतर. बाखच्या काळापर्यंतचं बहुतेक संगीत नुसत्या चवड्याने वाजवता येतं, त्यामुळे टाचेची घाई नको.

मग चार आवाजांतलं एक छोटं गीत घ्या. पायांनी बास, एकटा. डाव्या हाताने टेनर, एकटा. त्यानंतर ही दोन एकत्र, आणि सगळ्यात अवघड सांधा हाच. पियानोवर डावा हात वर्षानुवर्षं बास वाजवत आलेला असतो, त्यामुळे पाय बास वाजवू लागले की डावा हातही नकळत खाली उतरतो. आणि मॅन्युअल व पेडल कपलरने (पेडल दाबल्यावर मॅन्युअलचाही आवाज लावणाऱ्या जोडणीने) जोडलेले असतील तर ही चूक ऐकूच येत नाही. म्हणून सरावात कपलर बंद. डाव्या हाताला वरच्या मॅन्युअलवर एखादा नाकातला रीड स्टॉप (स्टॉप म्हणजे आवाजाचा प्रकार निवडायचा खटका) द्या, पेडलला साधा आठफुटी (लिहिलेल्याच उंचीवर वाजणारा; सोळाफुटी त्याहून एक सप्तक खाली). चूक झाली की लगेच कानाला टोचेल. हा सांधा बसला की उजवा हात आणि पाय, मग दोन्ही हात, आणि शेवटी सगळं मिळून. पूर्ण गीत पहिल्याच दिवशी तिन्ही अवयवांनी वाजवायचा प्रयत्न करू नये. चुका पायात जाऊन बसतात आणि पायातली चूक काढायला हातातल्या चुकीपेक्षा फार वेळ लागतो.

माझं ठाम मत आहे की पहिलं वर्ष गीतांचं असावं, मैफिलीच्या तुकड्यांचं नाही. कॅथेड्रलला गाणाऱ्यांना सांभाळणारा ऑर्गनिस्ट हवा असतो. तरी एक तुकडा सुचवतोच: बाखचं कोराल प्रील्यूड (चर्चगीताच्या धूनीवरचा तुकडा), त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक बीडब्ल्यूव्ही ६३९. उजव्या हाताला धून, डाव्याला अखंड वाहणारे सेमिक्वेव्हर (पाव ठोक्याचे स्वर), पायांना ठाय चालणारे क्वेव्हर (अर्ध्या ठोक्याचे). दीड पानात तिन्ही अवयवांचं स्वातंत्र्य शिकवणारं इतकं चांगलं दुसरं मला माहीत नाही.

काळी_एक

सोळाफुटींच्या उत्तराला +१. भजनं आणि मिस्सा यांबद्दल मी लिहिते.

ताई, पहिली गोष्ट पट्टी. गायक सांगणार "काळी एक घ्या" आणि तुमच्या मुलीच्या डोळ्यांसमोर सी शार्प यायला हवा, क्षणाचाही विचार न करता. पांढरी चार म्हणजे एफ, काळी दोन म्हणजे डी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प. डिजिटल ऑर्गनवर ट्रान्सपोझर (कळा त्याच ठेवून पट्टी बदलणारी सोय) असतो, पण त्याच्यावर विसंबू नये. एका गीताला तो फिरवला आणि पुढच्याला शून्यावर आणायचा राहिला, तर प्रतिसाद स्तोत्र भलत्याच पट्टीत सुरू होतं आणि गाणारा तोंडघशी पडतो. त्यापेक्षा प्रत्येक भजन तीन पट्ट्यांत बसवून ठेवावं. लोकांनी गायचं असेल तर धूनीतला सर्वांत वरचा स्वर तार बाजूच्या डीच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि सकाळच्या पहिल्या मिस्सेला आणखी एक स्वर खाली घ्या. झोपेतून उठलेले गळे वर जात नाहीत.

पेटी सोबत असेल तर मिस्सेच्या आधी पेटीचा आणि ऑर्गनचा सा जुळवून बघायलाच हवा. जुन्या पेट्या ४४० ला (ए स्वराचं आजचं प्रमाण, ४४० हर्ट्झ) असतातच असं नाही. अशा वेळी ऑर्गनचा फाइन ट्यूनिंगचा आकडा पेटीप्रमाणे सरकवायचा, कारण पेटीचे सूर ऐनवेळी कुणालाच हलवता येत नाहीत. आणि मिस्सा संपल्यावर तो आकडा पुन्हा जागेवर आणायचा.

आता भजनाला कॉर्ड लावण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. प्रत्येक स्वराखाली कॉर्ड टाकला की भजनाचा श्वास कोंडतो. पायांनी सा धरा, मऊ सोळाफुटी आणि आठफुटी मिळून. डाव्या हाताने सा-प, आणि धून मध्यमावर ठेहराव घेत असेल तिथे सा-म. उजव्या हाताने धून साधी, सरळ. गायकाची मींड आणि मुरकी ऑर्गनवर काढायला जाऊ नका. कळांवर ती पायऱ्यापायऱ्यांची होते आणि गायकाच्या मूळ मुरकीला आडवी येते.

भैरवीतलं भजन घ्या. सा म्हणजे सी धरला तर धूनीत बी फ्लॅट आहे, कोमल निषाद. पाश्चात्त्य सवयीने ओळीच्या शेवटी जी मेजर वाजवला की त्यात शुद्ध बी येतो आणि दोन्ही निषाद एकमेकांवर घासतात. समोरच्या बाकावरच्या आजींना त्याचं शास्त्र सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकलं हे त्यांनाही कळतं. तिथे बी फ्लॅट मायनर किंवा डी फ्लॅट मेजरवरून सी वर या. भूप, दुर्गा अशा रागांतल्या धूनींना तर पायातला सा आणि वरचा पंचम एवढं पुष्कळ होतं. तबला केरव्यात असेल तर पेडल फक्त समेला आणि पाचव्या मात्रेला बदलावं. प्रत्येक मात्रेला पाय पडले तर डग्ग्याशी मारामारी होते.

मिस्सेतली शिस्तही शिकण्याचाच भाग आहे. 'पवित्र, पवित्र' झाल्यावर फादर वेदीवरची मुख्य प्रार्थना म्हणत असतात, तेव्हा ऑर्गन बंद. मागे हलकं हलकं वाजवत राहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी पडली आहे, पण रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचना स्पष्ट आहेत: याजक स्वतःच्या प्रार्थना म्हणत असताना गाणं नाही, ऑर्गन नाही, दुसरं वाद्यही नाही. उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या काळात) ऑर्गन फक्त गाण्याला आधार म्हणून; प्रवेशाच्या आधी किंवा शेवटी एकट्याने वाजवायचा नाही. अपवाद चौथ्या रविवारचा, आणि त्या काळात येणाऱ्या सणांचा, उदाहरणार्थ १९ मार्चचा संत योसेफाचा सण. आगमनकाळात (नाताळच्या आधीच्या आठवड्यांत) वाजवा, पण हात आखडता ठेवून, नाताळचा आनंद आधीच उधळायचा नाही. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर ईस्टर जागरणाच्या गौरवगीतापर्यंत पुन्हा फक्त आधारापुरता. हे वेळापत्रक नोटेशनच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

आणि फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते तेव्हा एकामागून एक, वेगवेगळ्या भाषांतल्या मिस्सा असतात. शिकणाऱ्या मुलीला तिथे साथीला बसायला मिळालं तर जरूर बसवा. मिस्सेमिस्सेत गायक बदलतात, पट्टी बदलते, आणि तयारीला दोन मिनिटंही नसतात. वर्गात हे शिकवता येत नाही.

अंबड_एमआयडीसी

घरच्या पेडलांबद्दल. पूर्ण ऑर्गन विकत घ्यायची गरज नाही, पेडलबोर्ड बनवता येतो. पण लाकूड कापायच्या आधी टेप घेऊन त्या सरावाच्या ऑर्गनपाशी जा. ३२ पेडलांचा बोर्ड बहुधा मधे खोलगट आणि पंख्यासारखा पसरलेला असतो. सुताराला सरळ-सपाट बोर्ड सोपा जातो म्हणून तो तसा करून देईल, आणि मुलीचे पाय घरी एक माप शिकतील, चर्चमध्ये दुसरं. हा खर्च वाया जातो. अमेरिकन मापात वक्राची त्रिज्या साडेआठ फूट, लगतच्या दोन पांढऱ्या पेडलांच्या मध्यांमधलं अंतर अडीच इंच, आणि खालच्या मॅन्युअलची पांढरी कळ मधल्या पेडलाच्या वर साडेएकोणतीस इंच. पेडलबोर्डचा मधला डी बरोबर मॅन्युअलच्या मधल्या डीखाली यायला हवा. तो जरा जरी बाजूला गेला तर सगळा सराव वाकडा होतो.

लाकूड मुरलेलं सागवान. दोन पेडलांमध्ये आणि बाजूच्या खुंट्यांशी पुरेशी फट ठेवा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या हवेत लाकूड फुगतं आणि घट्ट बसवलेलं पेडल दाबल्यावर वर येत नाही, स्वर अडकून राहतो. खुंट्यांना नमदा लावा. स्प्रिंग अंबड-सातपूरला कुणीही करून देईल. सगळ्यांचा ताण सारखा हवा, म्हणून एकाच लॉटमधून घ्या.

विजेचं काम: प्रत्येक पेडलाला एक लोहचुंबक आणि त्याच्यासमोर रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा). पेडल साधारण अर्धा इंच खाली जातं, स्विच निम्म्या वाटेवर लागला पाहिजे. ४ बाय ८ ची मॅट्रिक्स केली की ३२ पेडलांना १२ पिना पुरतात. प्रत्येक स्विचसोबत १एन४१४८ डायोड घाला. तो गाळला तर काही विशिष्ट तीन पेडलं एकदम दाबल्यावर न दाबलेला चौथा स्वर वाजू लागतो आणि मग दोष शोधण्यात महिना जातो. बोर्ड म्हणून आर्दुइनो लिओनार्डो घ्या, त्याला यूएसबी-मिडी (कोणती कळ दाबली हे संगणकाला कळवायची पद्धत) थेट जमतं. सर्वांत खालचा सी म्हणजे मिडीचा ३६ क्रमांक. मॅन्युअलना आणि पेडलला वेगवेगळे चॅनल द्या.

संगणकावर ऑर्गनचा आवाज काढणारं ग्रँडऑर्ग हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. विंडोज असेल तर एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर हवाच. ४८ किलोहर्ट्झवर बफर २५६ ठेवला तर त्याचा उशीर सुमारे ५ मिलिसेकंद, तो जाणवत नाही. बफर २०४८ वर राहिला तर ४० च्या वर जातो, आणि मुलगी स्वतःचा स्वर ऐकायला थांबू लागते. ऐकायला चांगला हेडफोन घ्या, कारण सोळाफुटी स्टॉपचा खालचा सी साधारण ३३ हर्ट्झचा आहे आणि संगणकाच्या छोट्या स्पीकरमधून तो येतच नाही. पाय चुकले तरी पत्ता लागत नाही.

हे सगळं शक्य नसेल तर निदान प्लायवूडवर पूर्ण मापात मुक्या पट्ट्या ठोकून घ्या, काळ्यांच्या जागी उंच ठोकळे. आवाज येणार नाही, पण मघाशी सांगितलेलं फटी शोधण्याचं काम त्यावर नव्वद टक्के होतं.

गंगापूररोडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, मुलीने पूर्ण धागा उतरवून घेतलाय. तिच्या दोन शंका. पायात काय घालायचं, आपल्याकडे बरेच जण अनवाणीच वाजवतात ना? आणि ती वाजवते तेव्हा कडव्यागणिक लय पडत जाते. तिला वाटतं लोक मागे राहतात म्हणून ती त्यांच्यासाठी थांबते. थांबावं का?

सोळाफुटी

थांबू नये. हिशेब करून बघा. शेवटच्या बाकावरचा माणूस २५ मीटर लांब असेल तर आवाज त्याच्यापर्यंत पोचायला सुमारे ०.०७ सेकंद लागतात, आणि त्याचं गाणं परत ऑर्गनपर्यंत यायला तितकेच. म्हणजे तो अगदी वेळेवर गात असला तरी वादकाला ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत हा ठोक्याचा चौथा भाग झाला. वादक त्याच्यासाठी थांबला की तो आणखी उशिरा गातो, वादक पुन्हा थांबतो, आणि चौथ्या कडव्यापर्यंत गीत रांगायला लागतं. तेव्हा लय स्वतःच्या पोटात धरायची, आणि ऐकायचं ते जवळच्या क्वायरचं.

दुसरं कारण बहुधा श्वासाचं असेल. सुरुवातीची ओळ ज्या लयीत वाजवली त्याच लयीत लोक गाणार, म्हणून तिथे शेवटाला रेंगाळायचं नाही. दोन कडव्यांमधली जागा ठरलेल्या मात्रांची ठेवा, प्रत्येक वेळी तितकीच. शेवटचा स्वर पुरा करून सगळे हात-पाय एकदम उचलायचे, आणि मोजलेल्या शांततेनंतर पुढचं कडवं. ही शांतताच लोकांना श्वास घ्यायला सांगते. ओळींच्या मधेही वादकाने स्वतः गाणाऱ्याइतकाच श्वास घ्यावा. मुलीला वाजवताना शब्द पुटपुटायला सांगा, निम्मी अडचण तिथेच सुटेल.

आवाज वाढवायचा तर लय न बदलता, स्टॉप वाढवून: आठफुटी आणि चारफुटी प्रिन्सिपलवर (ऑर्गनचा मूळ, भरदार स्टॉप) सुरुवात, मग दोनफुटी, शेवटच्या कडव्याला मिक्सचर (एका कळेवर अनेक उंच स्वर देणारा स्टॉप). पेडलला सोळाफुटी एकटा कधीच नको, सोबत आठफुटी हवा, नाहीतर खाली नुसती घरघर राहते, स्वर कळत नाही. गीतांना ट्रेम्युलंट (आवाज थरथरवणारी सोय) लावू नये.

बूट हवेत. अनवाणी पायाला टाच उंच मिळत नाही, त्यामुळे पुढे टाचेचं काम आलं की घोटा दुखतो. पातळ, गुळगुळीत चामड्याचा तळ, पुढून निमुळता, तळाची कड बाहेर न आलेली, टाच सव्वा इंच. साध्या लेसच्या बुटाला चांगला मोची असा तळ बसवून देतो. रबरी तळ चालणार नाही, पेडलवरून सरकत नाही. आणि हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत, तळाला रुतलेली खडी पेडलांवर ओरखडे काढते.

दूरचा_मंद्र

ऑर्गन स्कॉलरबद्दल. इंग्लंडच्या अँग्लिकन कॅथेड्रलांत संगीत विभागाची उतरंड साधारण अशी असते: वर संगीत संचालक, जो बहुतेक वेळा क्वायर चालवतो, त्याखाली सहायक, जो बहुतेक वेळा ऑर्गन वाजवतो, आणि त्याखाली एक ऑर्गन स्कॉलर, साधारण सप्टेंबर ते जुलै एका वर्षासाठी, शाळा संपल्यावर किंवा पदवीनंतर. राहायची सोय आणि थोडं मानधन मिळतं. कामात काही उपासनांना वाजवणं, लहान गायकांची तालीम घेणं आणि नोटेशनच्या प्रती लावणं हे सगळं येतं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांचे ऑर्गन स्कॉलर वेगळे. ते पदवीचं शिक्षण घेता घेता चॅपलचं संगीत सांभाळतात.

आपल्या मुलांची गाडी तिथे बहुधा स्तोत्रांवर अडते. संध्याकाळच्या गायनउपासनेत स्तोत्रं अँग्लिकन चांटवर (ओळीओळीला पुन्हा येणाऱ्या छोट्या धूनीवर) गातात. एकेरी चांट सात मापांचा, दुहेरी चौदा मापांचा, पण शब्द प्रत्येक ओळीला कमीजास्त. पहिल्या कॉर्डवर कितीही शब्द म्हटले जातात आणि उरलेले स्वर बोलण्याच्या लयीत सरकतात. ताल मोजून वाजवणारा इथे पहिल्याच ओळीत क्वायरच्या पुढे पळतो. वाजवताना डोळे शब्दांवर हवेत, चांट पाठ हवा. पारंपरिक क्रमाने तीस दिवसांत दीडशेच्या दीडशे स्तोत्रं होतात, सकाळ-संध्याकाळ वाटून, त्यामुळे सरावाला साहित्य भरपूर आहे. तुमच्या मुलीला मराठी प्रतिसाद स्तोत्राची साथ करायची सवय असेल तर शब्दांमागे चालणं तिला नवीन नाही, हे मला जमेचं वाटतं.

आत्तापासून करायचं म्हणजे रोज न पाहिलेली एक ओळ पायांसकट वाजवणं, प्रत्येक गीत एक स्वर वर आणि एक स्वर खाली वाजवणं, चार वेगळ्या ओळींवर लिहिलेलं क्वायरचं नोटेशन कळांवर उतरवणं, आणि दिलेल्या धूनीला ऐनवेळी स्वरसाथ बांधणं. १८६४ साली स्थापन झालेल्या रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्सच्या पदविकांत तुकड्यांबरोबर अशीच कौशल्यं तपासतात. जागेसाठी निवड करतानाही दोन तुकडे, नजरवाचन, गीत, स्तोत्र आणि बऱ्याचदा क्वायरची छोटी तालीम घ्यायला लावतात. म्हणून तिने क्वायरमध्ये गायलंही पाहिजे, नुसतं वाजवून भागणार नाही.

परीक्षांबाबत एक सावधगिरी. ट्रिनिटीची 'इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड' ही वेगळी परीक्षा आहे, त्यात ऱ्हिदम आणि स्टाइल वापरायच्या असतात. ती ऑर्गनची ग्रेड म्हणून धरली जात नाही. फॉर्म भरताना 'ऑर्गन' हेच निवडा. एबीआरएसएमकडून (दुसरी ब्रिटिश परीक्षा संस्था) जाणार असाल तर सहावीपासून पुढच्या ग्रेडसाठी पाचवीची थिअरी किंवा तिचा मान्य पर्याय आधी लागतो. जागेची जाहिरात दिसली की अर्जाच्याही आधी व्हिसासाठी प्रायोजकत्व देता का, हे त्या कॅथेड्रलला विचारा. मुलगी आहे म्हणून कचरू नका. सॉल्सबरी कॅथेड्रलने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र क्वायर उभा केल्यापासून तिथलं चित्र बरंच बदललं आहे.

त्र्यंबकनाका

एक भर. हे सगळं डिजिटलवर शिकतानाच कधीतरी खऱ्या पाइपसमोर बसवा. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे. पंचवटी एक्सप्रेसने गेलात तर सीएसएमटीवरून चालत जाता येतं. आधी फोन करून ऑर्गन वाजता आहे का आणि बसायला परवानगी मिळेल का हे विचारा. उपासनेची वेळ टाळा आणि बूट न्यायला विसरू नका.

पाइपवर दोन गोष्टी वेगळ्या जाणवतील. कळ दाबल्यापासून पाइप बोलेपर्यंत वेळ लागतो, मोठ्या सोळाफुटी पाइपला जास्त, त्यामुळे पाय किंचित आधी टाकावे लागतात. आणि तापमान. साध्या पाइपांचा सूर दर अंश सेल्सिअसला सुमारे ३ सेंट चढतो, रीडचे पाइप मात्र जवळपास जागेवर राहतात. हिवाळ्यात सूर लावलेला ऑर्गन एप्रिलच्या दुपारी १० अंश जास्त गरम झाला तर दोघांत ३० सेंटची तफावत पडते. म्हणून उन्हाळ्यात तिथे ट्रम्पेट हा रीड स्टॉप ओढून कानाला विचित्र लागला तर मुलीने स्वतःची चूक शोधत बसू नये, रीड आत ढकलून प्रिन्सिपलवर वाजवावं.

डिजिटलला ही अडचण नाही, त्याची अडचण वीज. ऐन मिस्सेत वीज गेली की तो पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, म्हणून शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लावून घ्या आणि रविवारचे स्टॉप पिस्टनवर (ठरलेले स्टॉप एका दाबात लावणाऱ्या बटणांवर) साठवून ठेवा. साठवण्याआधी मेमरीची पातळी बघून घ्या. प्रत्येक वादकाची पातळी वेगळी ठेवतात, आणि दुसऱ्याच्या पातळीवर स्वतःचं साठवलं तर त्याची सगळी मांडणी पुसली जाते.